भिंतीवरची बंदूक, कपाटातली बंदूक

पटकथालेखनाच्या कार्यशाळेत चेकॉव्हची बंदूक निघाल्याशिवाय राहत नाही. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दिसली, तर पुढे ती उडालीच पाहिजे. उडणार नसेल तर टांगू नका. बार्शीत एकांकिकांच्या तालमींत मी हे ऐकलं, आणि आता ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एखाद्या वेबसिरीजची चिरफाड चालते तेव्हाही कुणीतरी हेच ऐकवतं. नियम चांगला आहे. कोड लिहिणाऱ्या माणसाला तो पटायला वेळ लागत नाही. जे फंक्शन कुणीच कॉल करत नाही, ते काढून टाकावं. उगाच पडून राहिलेल्या गोष्टी वाचणाऱ्याची दिशाभूल करतात.

पण हा नियम क्षणभर शब्दशः घ्या. ज्याच्या घरात खरोखर बंदूक आहे, त्याचा नियम याच्या बरोबर उलटा असतो. बंदूक आहे, ती कपाटात आहे, आणि ती उडता कामा नये. पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होईल तेव्हाही ती न उडालेलीच असली पाहिजे. जबाबदारीनं बाळगलेल्या बंदुकीची गोष्ट म्हणजे काहीही न घडल्याची गोष्ट. कथेला जे घडायला हवं असतं, तेच घरात घडू नये म्हणून प्रशिक्षण, कुलूप आणि सवय यांची सगळी खटपट असते.

मग एक प्रश्न पडतो. आपल्यापैकी बहुतेकांना बंदूक ठाऊक आहे ती पडद्यावरून, कादंबऱ्यांतून आणि बातम्यांतून. म्हणजे जिचं उडणं अनिवार्य आहे, अशीच बंदूक आपल्या ओळखीची. ती रिकामी कशी करतात, काडतुसं कुठं ठेवतात, किल्ली कुणाकडे असते, हा अर्धा भाग गोष्टींनी आपल्याला दाखवलेलाच नाही. हा दोष गोष्टीच्या प्रकृतीतच आहे, की आपण आळशी गोष्टींवर समाधान मानलं? माझं उत्तर दुसरं आहे, आणि ते चेकॉव्हपासूनच सुरू करता येतं.

चेकॉव्हची शेवटची बंदूक

चेकॉव्हनं हा विचार १८८९ मध्ये लाझारेव्ह-ग्रुझिन्स्की या लेखकाला लिहिलेल्या पत्रात मांडला. त्याचा रोख असा होता की, कुणी चालवणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये. ‘भरलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण नियम सांगताना तो नेहमी गाळतो.

त्याच्या नाटकांत बंदुकीचं काय होतं ते क्रमानं पाहण्यासारखं आहे. ‘द सीगल’मध्ये त्रेपलेव्ह आधी पक्षी मारतो, मग स्वतःवर गोळी झाडून वाचतो, आणि शेवटी पडद्याआड जो आवाज येतो तो त्याच्या मृत्यूचा असतो. ‘अंकल वान्या’मध्ये वान्या प्राध्यापकावर दोनदा गोळी झाडतो आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. ‘थ्री सिस्टर्स’मध्ये द्वंद्वयुद्धातली गोळी दूर कुठंतरी सुटते. आणि १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘द चेरी ऑर्चर्ड’मध्ये दुसऱ्या अंकात दोन शस्त्रं दिसतात. शार्लोटा खांद्यावरची बंदूक उतरवून पट्ट्याचं बक्कल नीट करत बसलेली असते. येपिखोदोव्ह खिशात रिव्हॉल्व्हर बाळगतो, कारण जगावं की स्वतःला संपवावं हे त्याचं ठरत नाही. नाटक संपतं आणि यातलं एकही शस्त्र उडत नाही.

नियम सांगणाऱ्यानंच शेवटच्या नाटकात तो मोडला. तरीही ते रिव्हॉल्व्हर फुकट गेलं असं वाटत नाही. येपिखोदोव्ह पुढे जेव्हा जेव्हा येतो तेव्हा त्याच्या खिशाकडे आपलं लक्ष जातं. न उडणारी बंदूकही नाटकात काम करू शकते, फक्त ती कुठं आहे याचा लेखकाला विसर पडता कामा नये. बंदुकीच्या लेखनाला लावायची माझी कसोटी हीच आहे. कुठल्याही क्षणी बंदुकीची अवस्था काय, हे लेखकाला ठाऊक आहे का? भरलेली की रिकामी, कुलपात की उघड्यावर, कुणाच्या हातात, नळी कुठल्या दिशेला, बोट कुठं. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही याला ‘स्टेट’ म्हणतो, आणि निम्मे बग स्टेटचा हिशेब चुकल्यामुळे येतात. बंदूक हाताळायला शिकवणाराही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. अवस्था गृहीत धरू नका, उघडून बघा.

खणातली पेटी

ही कसोटी लावली की इब्सेनचं ‘हेडा गाब्लर’ (१८९०) वेगळंच दिसायला लागतं. हेडाकडे तिच्या जनरल वडिलांची पिस्तुलांची जोडी आहे. दुसऱ्या अंकात न्यायाधीश ब्रॅक मागच्या बागेतून येत असताना ती गंमत म्हणून त्याच्या दिशेनं गोळी झाडते. ब्रॅक पिस्तूल तिच्या हातून काढून घेतो, पेटी शोधतो, त्यात ठेवून झाकण लावतो आणि आज हा खेळ पुरे म्हणतो. पेटी लिहिण्याच्या मेजाच्या खणात जाते. किल्लीचा उल्लेख येत नाही. दोन समजूतदार माणसं समोर आहेत, दोघांनाही धोका कळला आहे, आणि दोघं मिळून तो धोका एका उघड्या खणात ठेवून गप्पा मारायला बसतात.

याच खणातून हेडा एक पिस्तूल काढून लोव्हबोर्गच्या हाती देते. तो मरतो. शेवटच्या अंकात ब्रॅक तिला सांगतो की त्यानं ते पिस्तूल ओळखलं आहे. ते चोरीला गेलं म्हणावं, नाहीतर ते त्याला कुणी दिलं हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर आता ब्रॅकच्या मुठीत आहे. हेडा उरलेलं दुसरं पिस्तूल घेते. नाटकाचं शोकपर्यवसान ‘हे शस्त्र कुणाचं आणि ते कुणाच्या हातात कसं गेलं’ या पोलिसी प्रश्नावर उभं आहे. इब्सेननं दोन्ही पिस्तुलांचा पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवला, म्हणून तो प्रश्न इतका घट्ट आवळतो.

ही गोष्ट नॉर्वेची आणि जुनी असली तरी प्रश्न मुंबईत अगदी ताजा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुकच्या थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. मारणाऱ्यानं नंतर स्वतःलाही संपवलं. चर्चा झाली ती त्या व्हिडिओची आणि जुन्या वैराची. पण ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, ही माहिती बातम्यांत तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात गेली. परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही. ज्याच्या नावावर आहे त्याच्याखेरीज दुसऱ्याच्या हाती ती लागते, तिथंच कथानक सुरू झालेलं असतं. इब्सेननं खणावर नजर ठेवली होती, आपल्या बातमीदारीनं फक्त आवाजाकडे कान दिला.

बघणारे दोन हजार

खणातल्या बंदुकीला एकटेपणा लागतो, मिरवणुकीतल्या बंदुकीला गर्दी. गर्दीबद्दलचं सर्वांत नेमकं लेखन जॉर्ज ऑर्वेलचं आहे. ‘शूटिंग अॅन एलिफंट’ (१९३६) या निबंधात ब्रह्मदेशातला एक तरुण पोलीस अधिकारी माजावर आलेल्या हत्तीचा शोध घ्यायला निघतो. सुरुवातीला त्याच्याजवळ हत्ती मरणार नाही अशी एक जुनी रायफल असते. मग तो एका शिपायाला पाठवून मित्राकडून हत्ती मारायची रायफल मागवतो. हत्तीला मारायचा त्याचा विचार नसतो, ती फक्त सोबत असावी म्हणून. पण मोठी रायफल हातात दिसल्याबरोबर मागं हजारोंचा जमाव जमतो, आणि त्या जमावाच्या अपेक्षेपुढे त्याचा स्वतःचा निर्णय टिकत नाही. हत्ती शांतपणे गवत खात उभा असतो. तरीही गोळी सुटते.

बंदूक दाखवली की बघणारे जमतात, आणि बघणारे जमले की ती उडवावी लागते. आपल्याकडे वरातीत, वाढदिवसाच्या केकसमोर, आणि आता रीलमध्ये जे चालतं त्याचं याहून चांगलं विश्लेषण मला माहीत नाही. २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती कायद्यानं आनंदाच्या प्रसंगी बेदरकारपणे गोळीबार करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत सोडलेली गोळी खाली येतेच, हे सांगायला कायदा लागावा याचं नवल वाटतं. पण ऑर्वेल वाचल्यावर ते नवल उरत नाही. वरातीतल्या माणसाचं लक्ष गोळीच्या प्रवासाकडे नसतं, ते बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर कमरेला पिस्तूल लावलेले, हवेत बार काढणारे कितीतरी फोटो आणि व्हिडिओ बाहेर आले, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. हे फोटो कुणी चोरून काढलेले नव्हते. ते मिरवण्यासाठीच काढलेले होते आणि वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाहिले होते. आपल्या मुलखात बंदुकीचा परवाना हा संरक्षणापेक्षा मानाचा कागद आहे. या मानाची मुळं जुनी आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. परवाना मिळणं म्हणजे सरकारचा विश्वास मिळणं झालं. सरकार बदललं, १९५९ चा नवा कायदा आला, पण कागदाचा रुबाब तसाच राहिला. ज्या वस्तूचा उपयोग दिसण्यात आहे ती कपाटात कोण ठेवेल?

अंडी आणि सेफ्टी कॅच

उलट बाजूचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटात जिम कॉर्बेट असतोच. त्याचे अनुवाद कितीतरी शालेय सुट्ट्यांनी वाचले आहेत. आपण त्याला धाडसाचा लेखक मानतो. मोठेपणी तो परत वाचताना मला तो सावधगिरीचा लेखक वाटला.

चंपावतच्या वाघिणीमागे जाण्यापूर्वी तो सरकारला दोन अटी घालतो. बक्षिसं रद्द करा, आणि जंगलात फिरणारे बाकीचे शिकारी मागे घ्या. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणवून घ्यायचं नाही, हे एक कारण. दुसरं कारण तो तितक्याच सरळपणे सांगतो, की चुकून कुणाची गोळी लागून मरायचं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तो एकट्यानं हिंडण्याचं कारण देतो. सोबती निःशस्त्र असेल तर त्याला सांभाळणं अवघड, आणि सोबत्याकडे बंदूक असेल तर स्वतःला सांभाळणं त्याहून अवघड. वाचताना हसू येतं, पण प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला सांगावं असं हे वाक्य आहे. वाघ कसा वागेल याचा काही अंदाज असतो. घाबरलेल्या माणसाच्या हातातली नळी कुठं वळेल याचा नसतो.

चौगढच्या वाघिणीचा प्रसंग तर अनेकांना पाठ असेल. कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी आहेत, उजव्या हातात रायफल. खडकाला वळसा घालून तो उतरतो, मागे बघतो, तर काही फुटांवर वाघीण. या क्षणी तो वाचकाला काय सांगतो? रायफल छातीवर तिरकी धरलेली होती, सेफ्टी कॅच उघडा होता, आणि नळी वाघिणीवर यायला पाऊण वर्तुळ फिरावी लागणार होती. नंतर तो म्हणतो की हातात अंडी होती म्हणूनच तो वाचला, कारण त्यामुळे त्याला झटकन वळता आलं नाही आणि नळी इंचाइंचानं फिरवावी लागली. प्रसंगाचा सगळा थरार या तपशिलांतून येतो. अवस्था सांगितल्यामुळे उत्कंठा कमी झाली नाही, उलट तिथूनच ती सुरू झाली.

म्हणून सुरक्षेचे तपशील गोष्टीला मारक असतात, हा बचाव मला पटत नाही. आपल्या गुन्हेपटांत आणि वेबसिरीजमध्ये पिस्तूल हातात आलं की पात्र आधी खटॅक करून वरचा भाग मागं ओढतं. दोन संवाद होतात, धमकी वाढते, आणि पुन्हा खटॅक. गोळी आधीच नळीत चढलेली असेल, तर दुसऱ्या वेळी ती न वापरलेलीच बाहेर उडून जमिनीवर पडायला हवी. ती पडत नाही. म्हणजे एकतर पहिल्या धमकीच्या वेळी पिस्तूल रिकामं होतं, किंवा ते रिकामं की भरलेलं हे दिग्दर्शकाला माहीतच नाही. पोस्टरवरच्या नायकाचं बोट चापावरच असतं. बंद खोलीत गोळी सुटते आणि कुणी कानावर हात नेत नाही. ही तांत्रिक कुरबुर वाटेल, पण वाचकाला किंवा प्रेक्षकाला शिकवलं जातं ते इथेच. आवाज म्हणजे दरारा, आणि अवस्था कुणी विचारायची नसते.

अवस्था न विचारल्याची किंमत खुद्द सिनेमानंही मोजली आहे. २१ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं सांगून ते अभिनेता अॅलेक बाल्डविनच्या हाती देण्यात आलं. त्यात खरी गोळी होती. छायाचित्रकार हलिना हचिन्स त्यात गेली, दिग्दर्शक जखमी झाला. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. ‘रिकामी आहे’ हे शब्द उच्चारले गेले, आणि ऐकणाऱ्यांनी उघडून बघितलं नाही.

एकच शब्द, दोन कामं

बंदुकीबद्दल मराठीचा शब्दसंग्रह तुटपुंजा नाही. बार, काडतूस, छर्रे, नळी, दस्ता, दुनळी, ठासणीची बंदूक. वाक्प्रचारही आहेत. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं आहे, फुसका बार आहे. पण हे सगळे शब्द उडवण्याच्या बाजूचे आहेत. बंदूक रिकामी करण्याला, उघडून खात्री करण्याला स्वतंत्र, रोजच्या वापरातलं क्रियापद नाही. परवानाधारक माणूसही ‘अनलोड केली’ म्हणतो.

एक शब्द मात्र मला फार आवडतो. बंदुकीचा चाप ओढतात. आणि कुणाच्या बेबंद वागण्याला आवर घालायचा असेल तर चाप लावतात. गोळी सोडणाऱ्या खटक्याला आणि लगामाला भाषेनं एकच शब्द वापरला. बंदूक शिकवणाऱ्याला अख्ख्या अभ्यासक्रमाचं नाव हवं असेल तर याहून चांगलं सापडणार नाही.

अभ्यासक्रम तसा कागदावर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षण आणलं. शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळणं आणि बाळगणं, गोळी झाडण्याची पद्धत, देखभाल, साठवण आणि वाहतूक. शिवाय शारीरिक-मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. मी हे नियम एखाद्या सॉफ्टवेअरच्या स्पेसिफिकेशनसारखे वाचले. गोष्टींनी जो अर्धा भाग गाळला तो इथं व्यवस्थित मांडलेला आहे. पण सरकारी गद्याची अडचण अशी की त्यात माणूस दिसत नाही. ‘सुरक्षित साठवण’ या दोन शब्दांत पाच वर्षांचं नातवंड येत नाही, लग्नघराची गडबड येत नाही, दारू पिऊन आलेला मेहुणा येत नाही. आणि प्रमाणपत्र ही एक घटना असते, सवय नव्हे. एकदा शिक्का मिळाला की फाईल पुढे सरकते.

जगभरातले प्रशिक्षक साधारण चार गोष्टी सांगतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागं काय आहे ते पाहा. या चारांत मला जे आवडतं ते त्यांचं एकमेकांवरचं अवलंबन नव्हे, एकमेकांशिवाय टिकणं आहे. बोट चुकून चापावर गेलं पण नळी जमिनीकडे आहे, तर माणूस वाचतो. नळी भलतीकडे वळली पण बोट बाहेर आहे, तरीही वाचतो. अपघात व्हायला एका वेळी दोन नियम मोडावे लागतात. माणूस चुकणारच हे धरून केलेली ही रचना आहे. आमच्या धंद्यात सर्व्हर पडणारच हे धरून जशी करतात, तशीच.

म्हणूनच १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, तेव्हा जो विनोदांचा पूर आला त्यानं मी वैतागलो. प्रवासाला निघण्यापूर्वी पहाटे ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं त्यांच्या व्यवस्थापकानं सांगितलं. एवढ्या एका वाक्यात शिकण्यासारखं किती होतं! रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते भरलेलं का असावं? जुन्या रचनेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालच्या घरात गोळी असेल आणि ते घोड्यावर आपटलं, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते; म्हणून पूर्वी जाणती माणसं ते एक घर मुद्दाम रिकामं ठेवत. नव्या रचनांत हे टाळणारा आडवा तुकडा बसवलेला असतो. हे सांगायला एखाद्या वाहिनीला दोन मिनिटं पुरली असती. त्याऐवजी अफवा आणि मीम मिळाले, आणि परवानाधारक घरांतली कपाटं तशीच राहिली.

नारिंगी दोरी

बंदुकीची पूर्ण गोष्ट, म्हणजे भरण्यापासून रिकामी करण्यापर्यंतची, जिथं रोज घडते अशी एक जागा महाराष्ट्रात आहे. शूटिंग रेंज. अंजली भागवत २००२ मध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ झाली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. आपल्याकडे नेमबाजीची एवढी मोठी परंपरा आहे, आणि तरी ‘बंदूकवाला’ म्हटलं की डोळ्यांसमोर यांच्यापैकी कुणी येत नाही.

रेंजवरची भाषा ऐकण्यासारखी असते. भरा, सुरू, थांबा, रिकामी करा. थांबण्याचा आदेश झाला की बंदूक उघडायची, आत गोळी नाही हे दाखवायचं आणि नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, बहुधा भडक नारिंगी दोरीसारखा. लांबूनही कुणालाही कळावं की ही आता रिकामी आहे. अवस्था डोळ्यांना दिसेल अशी बाहेर टांगलेली. आणि रेंजवर नाट्य नसतं असं कुणी म्हणू नये. स्वप्नीलची अंतिम फेरी ज्यांनी पाहिली त्यांना दशांश गुणासाठी श्वास रोखणं म्हणजे काय ते माहीत आहे. तिथं कुणीही मरत नाही, आणि तरीही आपण खुर्चीच्या टोकावर असतो.

न सांगितलेली गोष्ट

एक आक्षेप येईल. साहित्यानं सुरक्षेच्या पुस्तिका लिहाव्यात की काय? नाही. मला उपदेश नको आहे. मी म्हणतो ते एवढंच, की रिकामी करणं, कुलूप लावणं, घराबाहेर नेणं या क्रियांतही नाट्य आहे आणि आपले लेखक त्याकडे पाठ फिरवून बसले आहेत.

बार्शी भागात शेतावरच्या जुन्या बारा बोअरच्या बंदुका अजून आहेत. दसऱ्याला त्या बाहेर निघतात, पुसल्या जातात, हळदकुंकू लावून घेतात. निवडणूक लागली की अनेकांना पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि कापडात गुंडाळलेली बंदूक घेऊन म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात. माझ्या माहितीतल्या एका घरात अशी बंदूक होती. आजी गेल्यावर तिथले आजोबा बोलेनासे झाले. जेवण कमी, झोप नाही, दिवसभर माडीवर एकटेच. घरातल्या पुरुषांना काही सुचण्याआधी धाकट्या सुनेनं विचारलं, “मामंजींची काडतुसं कुठं असतात?” त्या एका प्रश्नानं घर गप्प झालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलानं दुरुस्तीचं निमित्त काढून बंदूक नेली आणि रीतसर जमा केली. कायद्यात त्याची सोय आहे. गावात कुजबुज झाली की परवाना गेला म्हणे. मुलानं ती ऐकून घेतली आणि खरं कारण कुणाला सांगितलं नाही. आजोबा हळूहळू सावरले. आता रोज सकाळी रानात जाऊन येतात. बंदुकीबद्दल त्यांनी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. त्या घरात तो विषय निघत नाही.

या गोष्टीत एकही गोळी सुटत नाही. पण एका सुनेचं धाडस आहे, मुलाचं खोटं आहे, बापाचा मान आहे आणि गावाची जीभ आहे. चांगल्या एकांकिकेला आणखी काय लागतं? चेकॉव्हचा नियम इथंही मोडत नाही, फक्त तो पुरा वाचायला हवा. भरलेली बंदूक रंगमंचावर आणली की तिचं काहीतरी झालंच पाहिजे, हे खरं. ती कुणीतरी वेळेवर रिकामी करणं, हेही काहीतरी होणंच आहे.